घरचं मत

सबंध आखातात माझ्या साडूंइतका व्यवहारशून्य माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर तो निदान दुसऱ्या कुणाचा तरी साडू असावा, एवढीच माझी देवाकडे मागणी आहे. मी या देशात रिकाम्या हातानं आलो, दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालवला आणि आज अबुधाबीजवळ, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत माझी स्वतःची फॅब्रिकेशनची शेड आहे. लोखंडाच्या दलालापासून कॉन्ट्रॅक्टरच्या अकाउंटंटपर्यंत सगळ्यांशी घासाघीस करून मी इथवर पोचलो. मला कुणी हरवलं नाही. हरवलं ते या एका माणसानं, तेही हरवायची इच्छा नसताना. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजी म्हणतो. ते मला साडूबुवा म्हणतात. अबुधाबीतल्या एका कॉलेजात ते बास्केटबॉलचे कोच होते.

भाऊजी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. मॉलमध्ये ताई खरेदी करत असतात आणि हे बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं तपासत असतात. "तो बघा, तो टाचेवर चालतो. ह्याला डिफेन्सला उभा केला तर पाच मिनिटांत आडवा." तो बिचारा माणूस हातात दुधाचे कॅन घेऊन घरी चाललेला असतो. एकदा मंडळाच्या गणपतीत एका बँकेच्या मोठ्या साहेबांशी मी त्यांची मुद्दाम ओळख करून दिली. माझं कर्जाचं काम त्या साहेबांच्या टेबलावर पडलं होतं. भाऊजींनी सगळी आरती साहेबांच्या अनवाणी पायांकडे बघत म्हटली आणि प्रसाद हातात घेऊन म्हणाले, "साहेब, राग मानू नका, पण उजवा पाय फार आळशी आहे तुमचा." माझं काम पुढे दुसऱ्या बँकेत झालं.

त्यांचं इंग्रजी एरवी चांगलं आहे, पण मॅच रंगात आली की ते उन्हात सांडलेल्या पाण्यासारखं उडून जातं आणि खाली नुसतं मराठी उरतं. टीममध्ये एक सीरियन, दोन मल्याळी, एक फिलिपिनो, एक साडेसहा फुटी नायजेरियन. टाइमआउट घेतला की हे सगळे वाकून उभे राहतात आणि मध्ये भाऊजी ओरडत असतात, "अरे गाढवा, पाय! पाय हलव ना!" पोरं माना डोलवतात, आत जातात आणि नेमकं सांगितलेलं करतात. 'गाढवा' हे लाडाचं संबोधन आहे अशी त्या नायजेरियन पोराची समजूत झाली होती. एकदा पार्किंगमध्ये लांबून हात हलवून तो मला म्हणाला, "हॅलो गाढवा!" भाऊजी म्हणाले, "बघा, किती मान देतो तुम्हाला."

इथपर्यंत मी सहन केलं असतं. पण हा माणूस समोरच्या टीमलाही शिकवतो. एका सेमीफायनलला विरुद्ध टीमचा मुलगा फ्री थ्रो टाकायला उभा राहिला आणि पहिला थ्रो चुकला. भाऊजी लाइनीवरून ओरडले, "कोपर आत! एल्बो इन, बेटा!" पोरानं कोपर आत घेतलं, दुसरा थ्रो घातला, आणि आमचं कॉलेज एका पॉइंटनं हरून घरी आलं. मी म्हटलं, "भाऊजी, हा काय प्रकार?" तर म्हणाले, "अहो, इतका चांगला हात आहे त्याचा. वाया जात होता."

दुकानातही तेच. शारजात मी एका गालिचाचा सौदा करत होतो. अर्धा तास घासाघीस करून मी शेवटचं अस्त्र काढलं, म्हणजे तोंड फिरवून दुकानाबाहेर पडलो. दुकानदार हाक मारणार याची मला शंभर टक्के खात्री होती. हाक येईना म्हणून मागे वळून बघतो तर भाऊजी आतच, गालिचावर हात फिरवत दुकानदाराला म्हणतायत, "काम बहुत बारीक है, चाचा. आपका भाव सही है." चाचांनी त्यांना चहा पाजला. मला पूर्ण भावानं गालिचा घ्यावा लागला आणि घरी येईपर्यंत बायको दिरहमांचे रुपये करून मोठ्यानं ऐकवत होती.

आता मूळ दुखण्याकडे येतो. भाऊजी साठीला आले तेव्हा कॉलेजच्या डायरेक्टरनं त्यांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं: लीगचा 'कोच ऑफ द इयर' मिळाला तर दोन वर्षांचं एक्स्टेन्शन मॅनेजमेंटकडून आणतो, नाहीतर आतापर्यंतच्या सेवेबद्दल आभार. आभार म्हणजे व्हिसा कॅन्सल, म्हणजे सांगलीचं तिकीट. ताई घरीच असतात, त्यामुळे त्यांच्या व्हिसाचाही आधार नाही. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहत. दोघी बहिणींना एकमेकींची भाजी चाखल्याशिवाय जेवण जात नाही. आमची मुलं तर त्यांच्याच घरी मोठी झाली. माझी बायको रडायला लागली आणि मी कामाला लागलो.

लीगमध्ये सहा कॉलेजं, सहा कोच. अवॉर्ड ठरवतात तेच, चिठ्ठीवर मत देऊन. फक्त स्वतःचं नाव लिहायचं नाही. मतं सारखी पडली तर सर्वांत जुन्या कोचचा शब्द शेवटचा. आणि सर्वांत जुने कोण? भाऊजी! ते स्वतःच शर्यतीत असले तर काय, हे नियम करणाऱ्याला सुचलंच नव्हतं. मी लीगच्या सेक्रेटरीकडून, एका सुदानी म्हाताऱ्याकडून, खात्री करून घेतली. तो म्हणाला, "रूल इज रूल, हबीबी."

मग मी कोच गाठले. लेबनीज कोचच्या जिममधले रिंगचे स्टँड डुगडुगत होते. ते पक्के करून द्यायचं कबूल केलं, लेबर माझं, माल त्याचा. इजिप्शियन कोचला बाक हवे होते. "इन्शाल्ला," तो म्हणाला. "इन्शाल्ला नको," मी म्हटलं, "हो म्हण." तो हो म्हणाला. तिसरा कोच बाकांवर खूश होईना, स्कोअरबोर्ड मागायला लागला. मी त्याला सोडून दिला. आमचा मुकाबला होता शारजातल्या एका छोट्या कॉलेजच्या तरुण मल्याळी कोचशी, आणि माझा हिशेब असा की दोन मतं आम्हाला, उरलेल्या दोघांची त्याला, बरोबरी साधली की पुरे; शेवटचा शब्द घरचाच. घरचं मत कोण विकत घेतो?

बक्षीस समारंभाला आम्ही चौघं एका टेबलावर होतो. सेक्रेटरीनं चिठ्ठ्या उघडल्या, चष्मा पुसला आणि जाहीर केलं की मतं सारखी पडली आहेत, आता आमचे सर्वांत जुने कोच सांगतील. मी बायकोला कोपरानं ढोसून म्हटलं, "खलास. झालं काम." पुढच्या टेबलावरून डायरेक्टर वळून बघत होता. भाऊजी उठले, पँट वर ओढली आणि माइक घेतला.

"इसके पास छह ही लडके थे," त्या तरुण मल्याळी कोचकडे बोट दाखवून ते म्हणाले. "एक गिरा तो टीम खतम. फिर भी फायनल तक आया. मेरे पास बारा थे. मैंने क्या किया? अवॉर्ड इसका है."

टाळ्या वाजल्या. डायरेक्टरनं सर्वांत आधी वाजवल्या.

गाडी सुरू केल्याकेल्या मी भडकलो. "भाऊजी, तुम्हाला काही कळतं का? व्हिसा जाणार तुमचा!"

"कळतं की."

"मग?"

"अहो, त्यांनी विचारलं, चांगला कोच कोण? व्हिसा कुणाला पाहिजे असं विचारलं असतं तर मी हात वर केला असता."

मी इतका जोरात ब्रेक दाबला की मागच्यानं हॉर्न वाजवला. ताई मागून एवढंच म्हणाल्या, "वर जाऊ नका लगेच, जेवून जा दोघं. तिथं कुणी नीट जेवलेलं नाही."

पुढे सेक्रेटरीकडून मला आणखी एक गोष्ट कळली. त्या मल्याळी कोचनं आपलं मत भाऊजींना दिलं होतं आणि भाऊजींनी आपली चिठ्ठी त्याला. ह्यानं त्याला, त्यानं ह्याला. व्यापारात याला मूर्खपणा म्हणतात. खेळात काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही. स्टँड आणि बाक मात्र मला करून द्यावे लागले. शब्द दिला होता.

त्या दिवसापासून मी भाऊजींशी कामापुरतं बोलत होतो. माझ्या कंपनीचा व्हिसा त्यांना देता येतो हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं, पण म्हटलं, मागू देत. आयुष्यात एकदा तरी या माणसानं काहीतरी मागावं. त्यांनी भांडी वाटली, सोफा विकला, ताईंच्या लोणच्याच्या बरण्या आमच्याकडे आल्या, आणि मागितलं काहीच नाही. शेवटी एअरपोर्टवर दोघी बहिणी गळ्यात गळा घालून उभ्या असताना मीच भाऊजींना बाजूला घेतलं.

"भाऊजी, माझ्या कंपनीत या. सेफ्टी सुपरवायझर म्हणून व्हिसा काढतो. दोन वर्षं."

"मला लोखंडातलं काय कळतं?"

"बरं, एक वर्ष."

ते बॅगेचा पट्टा आवळत राहिले.

"सहा महिने? व्हिजिटवर राहा. निदान दिवाळी करून जा. बरं, दिवाळी नको, गणपतीपर्यंत तरी."

भाऊजी हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साडूबुवा, तुम्ही फार भराभर खाली येताय."

आणि ताईंना हाक मारून ते ट्रॉली ढकलत आत गेले. समोरच्याला आपली गरज दिसली की सौदा बुडतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या काचेच्या दारापाशी मला दुसरा भावच सुचेना. खरं सांगायचं तर ते एक आठवडा म्हणाले असते, तरी मी हो म्हटलं असतं.