सासऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मी मेमरी बसवली

शिन्चूच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर मेमरी भरली. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये नव्हे, खोक्यांमध्ये. हिरवी पट्टी कडेने उचलायची, प्लास्टिकच्या खाचेत ठेवायची, झाकण लावायचं, लेबल चिकटवायचं. जगातल्या किती कॉम्प्युटरांना माझा हात लागला असेल, हे मी जेवताना बायकोला ऐकवायचो. सू-चू शेंगा सोलत ऐकून घ्यायची. एकदा एवढंच म्हणाली, "पोस्टमननं वाटलेली पत्रं त्यानं लिहिलेली नसतात."

निवृत्त झाल्यावर आम्ही तिच्या माहेरी, हुवेईला राहायला आलो. सासरे लियाओ थिएन-शेंग हातबाहुल्यांचे खेळ करायचे. सगळी पात्रं तेच बोलायचे, राजाही आणि चेटकीणही. बाहुल्या मात्र दोघांत वाटलेल्या असत. उजवी बाजू त्यांची, डावी त्यांच्या धाकट्या भावाची. भाऊ गेला आणि खेळ थांबले. देवळाच्या मंडळींनी विचारलं की सासरे म्हणायचे, दोन हातांनी चार हातांचं युद्ध होत नाही.

मग त्यांनी एक युक्ती काढली. आधी एका बाजूच्या बाहुल्या नाचवून चित्रीकरण करायचं, मग दुसऱ्या बाजूच्या, आणि कॉम्प्युटरवर दोन्ही जोडायचं. माझूदेवीच्या वाढदिवसाला देवळासमोर पडदा लावून तेच दाखवायचं ठरलं. पण जोडायला घेतलं की कॉम्प्युटर गोठायचा. सेनापती तलवार उगारून हवेत तसाच लटकायचा आणि सासरे चहा संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे.

"मेमरी कमी पडतेय," मी म्हणालो. हे बरोबर होतं. तिथंच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

दुकानदारानं कॉम्प्युटर बघून योग्य पट्टी काढून दिली आणि बसवून देतो असंही म्हणाला. मला हसू आलं. त्याला मी माझी कारकीर्द थोडक्यात सांगितली. त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो दुकान बंद करून देवीच्या पालखीबरोबर चालत निघून गेला.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर आडवा करून उघडला. सासरे स्टूल घेऊन शेजारी बसले. अंगातली वीज उतरावी म्हणून आधी धातूला हात लावावा लागतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मग पट्टी उलटी घातली. ती जाईना, तेव्हा कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी खाच चुकीच्या जागी पाडली आहे, असंही मीच सांगितलं. सासऱ्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, फिरवली आणि परत दिली.

आता ती खाचेवर बरोबर बसली. पण दाबू किती? कारखान्यात आम्हाला शिकवलेलं एकच : दाबायचं नाही. मी तिला आपलं बाळाला झोपवताना थोपटतात तसं थोपटलं. मग उत्साहाच्या भरात आधीची चांगली चालणारी पट्टीही काढली, पुसली आणि तीही तशीच थोपटून ठेवली.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला आणि आतून पीं-पीं सुरू झालं.

दुपारपर्यंत मी दोन्ही पट्ट्या काढल्या, घातल्या, जागा बदलून बघितल्या. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात तसा वर हिरव्या पुडीतला खाऊ ठेवून हात जोडले. पीं-पीं काही थांबलं नाही. शेवटी सू-चू आली, पुडी फोडली आणि खात खात म्हणाली, "हा तरी वाया नको जायला."

खेळ होणार नाही, असा देवळात निरोप द्यायला मीच जाणार होतो. तेवढ्यात सासरे आतून लाकडी पेटी घेऊन आले. भावाच्या मृत्यूनंतर ती कोणी उघडलेली नव्हती. त्यांनी एक लाल चेहऱ्याचा सेनापती काढला, बाहीनं त्याचं तोंड पुसलं आणि माझ्यापुढे धरला.

"हात घाला, जावईबापू."

"बाबा, मला नाही येत."

"ते सकाळपासून बघतोय मी. पहिलं बोट डोक्यात, अंगठा आणि मधलं हातांत. बोलायचं मी. तुम्ही फक्त मरायचं."

संध्याकाळ होईपर्यंत मी अंगणात मरण्याचा सराव केला. बोटांत पेटके आले. सू-चू म्हणाली, इतक्या मनापासून कारखान्यातही कधी काम केलं नसशील.

उत्सवाच्या दिवशी देवळापुढे गर्दी होती. रंगमंचाच्या फळीमागे आम्ही दोघं हात वर करून उभे होतो. सासऱ्यांनी पहिलाच संवाद म्हटला आणि त्यांचा आवाज अडकला. डावीकडे मान वळली आणि तिथे भावाऐवजी मी दिसलो, म्हणून असेल. मी घाबरलो आणि माझा सेनापती गर्रकन प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग राजाच्या आवाजात म्हणाले, "सेनापती, शत्रू इकडे आहे. तिकडे तुमची सासुरवाडी."

बायका पोट धरून हसल्या. तिथून पुढे म्हाताऱ्याला कोणी आवरू शकलं नाही. नाटकात नसलेली सासू आली, सेनापतीला भांडी घासावी लागली, आणि मी तीनदा मेलो, कारण पहिल्या दोन वेळा लोकांनी मरू दिलं नाही. खेळ संपल्यावर देवळाच्या मंडळींनी सासऱ्यांना उचलून खाली उतरवलं. त्यांचे डोळे ओले होते. ते धुपाच्या धुरामुळे असं मी मानलं, कारण त्यांनी तसं सांगितलं.

दुकानदार पालखीहून पायाला फोड घेऊन परतला. दोन्ही अंगठ्यांनी त्यानं पट्ट्या दाबल्या. खट, खट. कडेच्या कड्या मिटल्या आणि कॉम्प्युटर सुरू झाला. माझ्या कारकिर्दीबद्दल त्यानं काही विचारलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

चित्रीकरणही शेवटी जोडून झालं. सासऱ्यांनी ते एकदाच पाहिलं. ठीक आहे, म्हणाले. कॉम्प्युटरवर आता सू-चू मैत्रिणींशी पत्ते खेळते, आणि तो अजिबात गोठत नाही.

आम्हाला पुढच्या महिन्यात दौलिऊच्या देवळाचं बोलावणं आहे. रोज पेज खाऊन झाली की सासरे मला अंगणात उभं करतात. माझ्या सेनापतीची मान अजून वाकडी राहते. परवा मी विचारलं, मला एखादं न मरणारं पात्र मिळेल का. ते माझ्या सेनापतीची मान सरळ करत म्हणाले, "घोडा आहे."