टचपॅडवरचा ओला हात

माझ्या तळव्यांना घाम येतो. उन्हाळ्यात सगळ्यांना येतो तसा नव्हे. भर थंडीत, बसल्याजागी, टपटप. शाळेत फुगडी खेळून झाली की मैत्रिणी फ्रॉकला हात पुसायच्या आणि मी दुसरीकडे बघायची. दसऱ्याला सोनं द्यायला गेले की आपट्याचं पान माझ्याच तळव्याला चिकटून बसायचं. घरात याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. बाबा मात्र रस्ता ओलांडताना मला बाहीला धरायचे, हाताला कधीच नाही. त्यांना माझ्या हाताची किळस येते, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

आर्वीत आमचं किराणा दुकान. मी वर्ध्याच्या कॉलेजात जाऊ लागले त्या दसऱ्याला बाबांनी लॅपटॉप आणला. वजनकाट्याशेजारी ठेवून त्याची पूजा केली, झेंडूचं फूल वाहिलं. पण चालवायचं म्हटलं तर बोटही लावलं नाही. "थे तुमचं काम. मले नोको सांगू," म्हणाले.

ब्राउझर उघडायचा, टचपॅडच्या उजव्या कडेवरून बोट खाली ओढायचं, की पान वर सरकतं. सगळ्यांचं सरकायचं. माझ्या बोटाखाली ते एकतर हलायचंच नाही, नाहीतर थेट तळाशी जाऊन आदळायचं. बाण भलतीकडेच उड्या मारायचा. मी सेटिंग बदलल्या, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, दुसरा ब्राउझर घेतला. शेवटी एक दिवस हाताला पावडर चोळून बसले, तर पान शहाण्यासारखं सरकू लागलं. पावडर भिजली आणि पुन्हा तेच रडगाणं.

मला काय समजायचं ते समजलं. मी गुपचूप पावडरचा डबा जागेवर ठेवला. बाबांनी विचारलं, "खराब निंगाला का थो?" मी होकारार्थी मान हलवली. दुसरं काय सांगणार होते?

बाबा तडक मला आणि लॅपटॉपला घेऊन एसटीनं वर्ध्याला निघाले. जिथून तो घेतला होता, त्या दुकानातल्या दुकानदारानं बोट फिरवलं. पान वर, पान खाली, लोण्यासारखं.

"काई खराबी नाई याच्यात, काका."

"मंग माही पोरगी काय खोटं बोलून राह्यली?" बाबांचा आवाज चढला. दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. "दाखव त्याईले चालवून."

मी ओढणीला हात पुसले, पण ते पुसून कोरडे होणारे हात नव्हेत. बोट टेकवलं, बाण उडाला. पुन्हा टेकवलं, पान तळाशी गेलं. काळ्या टचपॅडवर माझ्या बोटांचे ओले ठसे चमकत होते. दुकानदारानं त्यांवरून आपलं बोट फिरवलं, थांबला, आणि ते बोट पँटला पुसलं. बाबांनी ते पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"चाल," बाबा म्हणाले.

बसस्टँडवर आर्वीची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले होते. मग बाबा म्हणाले, "काढ थो बाहेर."

मी पिशवीतून लॅपटॉप काढून उघडला. दुकानात उघडलेलं पान तसंच होतं. बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसला. तो दुपट्टा ते घरीदारी, बारा महिने जवळ बाळगायचे. मला ती जुन्या माणसाची सवय वाटायची. त्यांनी टचपॅडवर बोट ठेवलं. बाण उडाला. त्यांनी ते कडेवरून खाली ओढलं आणि पान तळाशी जाऊन आदळलं. टचपॅडवर ओला ठसा उमटला, माझ्याहून मोठा.

"माहे बी असेच हायेत," ते पडद्याकडेच बघत म्हणाले. "तुले किळस येईन म्हणून हात नाई धरला कधी."

इतकी वर्षं मी त्यांच्याबद्दल काय काय मनात धरून बसले होते, त्याची लाज हातांच्या लाजेपेक्षा मोठी होती.

गाडी लागली. लोक दाराशी लोटले. बाबांनी सवयीनं माझी बाही धरली. मी ती सोडवली आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो एकदा मागे ओढून पाहिला. मी सोडला नाही.