वालाने मोजलेला समुद्र

माझी बायको वालाच्या दाण्यांनी समुद्र मोजायची. नारळी पौर्णिमेला तिच्या माहेरची माणसं खाडीला नारळ द्यायची, आणि ही इकडे रोह्याजवळच्या आमच्या गावात भिंतीवरचा जुना नकाशा उतरवून चटईवर आडवा ठेवायची. मग मूठभर वाल घ्यायचे आणि नकाशातल्या ओलीच्या डागापासून चित्रातल्या एका मचव्यापर्यंत, म्हणजे शिडाच्या होडीपर्यंत, एकापुढे एक मांडत जायचं. शेवटचा दाणा ठेवला की श्वास सोडायची. "नऊ हायत. अजून नऊ हायत ओ." मी हसायचो. लग्नानंतर निदान वीस-पंचवीस वर्षं तरी हसलो असेन.

ती पेणच्या खारेपाटातली, मिठागरातली मुलगी. आमचं गाव भाताचं आणि वालाचं. मागे डोंगर, समुद्राचा वारासुद्धा येत नाही. म्हणून गावाने तिचं नाव खारवाली पाडलं. तिला राग नव्हता. मला ती डोंगरवाले म्हणायची. भांडण झालं की मोठ्याने, नाहीतर नुसतं पुटपुटून.

नकाशा तिच्या बापाचा. तो मचव्यावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या होता. धरमतरच्या खाडीतून मीठ भरून मुंबईला न्यायचा. तिथल्या एका मिठाच्या व्यापाऱ्याने पेढीला रंग देताना हा नकाशा बाहेर टाकला, तो याने उचलून आणला. साहेबाच्या काळातली मुंबई. नकाशा म्हणजे नुसत्या रेघा नाहीत, सगळी चित्रं. किल्ल्याची भिंत, तोफा, देवळाएवढी ताडाची झाडं, छत्री धरलेल्या मडमा, तीन डोलकाठ्यांची जहाजं, एका कोपऱ्यात पाणी उडवणारा मोठा मासा. धक्क्याला एक लहान मचवा बांधलेला. बापाने लेकीला तो दाखवला आणि म्हणाला, "मी गेलो की हितं असतो. आठवण आली की हितं बघायचं."

ती दहा वर्षांची असताना एका वादळात तो मीठ घेऊन गेला तो आलाच नाही. मचवा नाही, मीठ नाही, माणूस नाही. आईने वर्षभर वाट बघून कुंकू पुसलं. पोरीने नकाशा बघायचं सोडलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेवर हाच बांधलेला होता.

आमच्या गावच्या गुरुजींनी एकदा तो नीट निरखला आणि म्हणाले, "वहिनी, हा नकाशा तुमच्या आजोबांच्याही आधीचा आहे. यातला मचवा तुमच्या वडिलांचा कसा असेल?" ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, बंदर काय चालत जातं व्हय? जागा तीच ना?" गुरुजींनी चहा घेतला आणि विषय सोडला.

डाग समुद्राच्या बाजूने सुरू झाला होता. ती आली तेव्हा अंगठ्याएवढा होता. आमच्या भिंतीला ओल, त्यात रोह्याचा पाऊस. दरसाल डाग जमिनीकडे थोडा सरकायचा, कडेला चहासारखी तपकिरी रेघ सोडून. एकदा घर सारवताना नकाशाची काच फुटली, तर तिने नवी लावू दिली नाही. "काचेच्या आत घाम येतो," म्हणाली. पेणचा फ्रेमवालाही म्हणाला की ओल कागदातच मुरलीय, थांबायची नाही. त्या दिवशी एसटीत वडखळपासून रोह्यापर्यंत ती नकाशा मांडीवर धरून बसली.

तिची भीती मला आधी कळायची नाही. तिने लहानपणी बांधाला खांड गेलेली बघितली होती. खांड म्हणजे भरतीचं पाणी बांध फोडून शेतात शिरतं ती जागा. ती सांगायची, "पानी वाजत येत नाय. वाजतो तो पाऊस. पानी येतं ना, ते आपण जेवत असताना येतं." अमावास्येला, पौर्णिमेला उधाण असतं म्हणून भरल्या दुपारी ती मध्येच हातातलं काम टाकून उंबऱ्यापाशी जायची आणि जमिनीला हात लावून बघायची. समुद्र कुठे आणि आम्ही कुठे! तरी हळूहळू मीही तिच्या हाताकडे बघायला लागलो. कोरडा निघाला की मला बरं वाटायचं.

धाटावच्या कंपनीत मी तीस वर्षं शिफ्ट केली. गॅस सुटला म्हणून भोंगा वाजलेला ऐकला, तोंडाला ओला फडका बांधून पळालोही. तेवढी भीती नाही वाटली जेवढी ती एका पौर्णिमेला "चारच हायत" म्हणाली तेव्हा वाटली. त्यानंतर मी हसलो नाही.

नकाशातल्या किल्ल्यामागे दोन माडांमध्ये एक बारकं घर आहे. नवीन लग्न झालं तेव्हा तिने त्यावर बोट ठेवलं होतं. "म्हातारपणी आपण हितं राहू. बाबाचा मचवा दिसतो." मी म्हटलं, "आणि वाल कुठं पेरू गो, तोफेत?" त्यावर ती इतकी हसली की शेजारची काकू बघायला आली. तेव्हापासून ते आपलं घर.

गेल्या श्रावणात तिला दम लागायला लागला. पेणच्या दवाखान्यात ठेवली. पौर्णिमेला चार दिवस होते. मला म्हणाली, "या वर्षी तुमी मोजा." मी कपडे आणायला घरी आलो, नकाशा उतरवला, आणि डाग आणि मचवा यांच्यामध्ये एक वाल धड मावेना. आता खोटं वाटतं, पण तेव्हा माझी खात्री होती की हे पाणी मचव्याला लागलं की ही जाणार.

आणि मी ते केलं. कोनाड्यात तिच्या माहेरच्या खडेमिठाची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. मीठ पाणी ओढतं हे मी तिच्याकडूनच शिकलो होतो. बांगड्याला मीठ चोळलं की पाणी बाहेर येतं, तसं कागदाचं येईल. डागावर मी मीठ पसरलं, जाड, हाताने दाबून दाबून. दार लावलं आणि पेण गाठलं. दोन दिवस मला त्या मिठाचा आधार होता.

तिसऱ्या दिवशी घरी आलो तर नकाशावर मीठ नव्हतंच. पाणी होतं. हवेतली सगळी ओल त्या मिठाने ओढून कागदात सोडली होती. मचवा गेला, धक्का गेला, मडमा छत्र्यांसकट गेल्या. मी टॉवेलने टिपत राहिलो आणि मडमांचे रंग टॉवेलला लागत राहिले.

संध्याकाळी दवाखान्यात तिने विचारलं, "पानी कुठवर आलाय?"

"तिथंच आहे गो. एक वाल."

तिने माझा हात धरला. हाताला भेगा आहेत माझ्या, त्यात मीठ बसलं होतं. भेगांवरून आपला अंगठा फिरवून तिने तो ओठाला लावला.

"मीठ टाकलंत व्हय?"

मी हात मागे ओढला.

"श्रावनात मिठाला पानी सुटतं. बरणीला फडका कशाला बांधते मी? डोंगरवाले ते डोंगरवालेच." रागावली नाही. मग म्हणाली, "आपलं घर?"

"कोरडं आहे."

"मोजलंत?"

"नाय."

"मग मोजा."

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ती गेली.

तेराव्यानंतर मी नकाशा चटईवर ठेवला आणि मोजलं. डागापासून त्या दोन माडांपर्यंत पाच वाल. पुढे ऊन पडल्यावर कागद वाळला, पण मीठ त्यातच राहिलं. उजेडात चमकतं. थंडीत नकाशा कडक होता, आणि वैशाख सरून हवा जड झाली तसा तो माझ्या डोळ्यांदेखत ओला व्हायला लागला. आधी भिंतीची ओल होती, ती वर्षाला सरकायची. आता पाणी मी आत घालून ठेवलंय.

मुलगा म्हणतो, "बाबा, उतरवून टाका ते. तुम्ही त्याच्यापुढे बसून जेवता." त्याला कसं सांगू? ती बापाच्या मचव्यावर गेली असेल तर मचवा मी बुडवलाय. आणि माडांमधल्या त्या घरात जाऊन बसली असेल, तर एकटीच आहे, आणि पाणी वाजत येत नाही.

मरणाला मी भीत नाही. तिथं पोचायला मला उशीर झाला तर, त्याला भितो.

आज सकाळी मोजलं. तीन आहेत. शेवटचा दाणा माडाच्या बुंध्याशी ठेवला, उंबऱ्यापाशी वाकून हाताने जमीन चाचपली, आणि मग चूल पेटवली.