आक्कानं पुसलेल्या ओव्या

दाजींचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बाजारात होतो. "विमल गेली रे..." एवढंच म्हणाले. विमलआक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लातूरच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. चहा पिता पिता तिचं हृदय थांबलं. त्याला महिना उलटून गेला, तरी लातूरचा नंबर दिसला की वाटतं, आक्काच असेल.

निवृत्तीनंतर तिनं घरी कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्या मागंच लागली. तो जरा रखडला की पदर खोचून म्हणायची, "लई कचरा झालाय. फॉरमॅट मारावं लागतंय." सगळं पुसायचं आणि विंडोज नव्यानं टाकायचं, हे काम ती घराला रंग द्यावा तशा हौसेनं करी. दाजी पेपराआडून म्हणत, "आमाला बी एकदा फॉरमॅट मार की." "तुमची डिस्कच खराब हाय," आक्काचं उत्तर तयार.

आमची माय तेव्हा हदगावला होती. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीतल्या बायांनी जात्यावर नव्या ओव्या बांधल्या होत्या, त्या मायला तोंडपाठ. आक्कानं त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये ठेवल्या. आणि एकदा फॉरमॅट मारताना तो फोल्डर बाजूला काढायचा राहून गेला. मोबाइलमधलं आधीच पुसलेलं. कॉम्प्युटरच्या दुकानदारानंही हात टेकले.

दुसऱ्या दिवशी ती बसनं नांदेडला आली, मी सोबत हदगावला गेलो. माय तूर निवडत बसली होती. आक्का दारातच रडायला लागली. "माय, तुझा आवाज माझ्या हातानं पुसला गं."

मायनं सूप खाली ठेवलं. "माझ्या गळ्यातून पुसला का? गळा हाय की अजून. बस, पाणी पी."

आणि गायला लागली. आक्कानं डोळे पुसून मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. जातं कधीचं कोपऱ्यात पडलेलं; पण तिचा हात आपोआप गोल फिरत होता. काही ओव्या ती विसरली होती. त्यांच्या जागी नव्याच आल्या, आणि त्यांत शाळा शिकवणारी विमल होती. परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पहिल्या ओव्यांत मी कुठं होते रे? गेल्या ते बरंच झालं म्हणायचं का..." पुढच्या वर्षी माय गेली.

आक्काच्या माघारी कॉम्प्युटर फारच रखडायला लागला. दाजी हात लावू देईनात. "राहू दे. तिनं लावल्यालं हाय समदं." गेल्या आठवड्यात मी लातूरला गेलो, ओव्या आणि फोटो दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतले आणि नीट आल्यात का म्हणून एक ओवी लावली. माय गात होती. मध्येच थांबली, आणि आक्काचा आवाज आला, "हं... पुढं, माय?"

दाजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "मार आता फॉरमॅट."

दुपार त्यातच गेली. शेवटी नव्या विंडोजनं विचारलं, वापरणाऱ्याचं नाव काय? मी दाजींचं टाकायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला. "तिचंच टाक. मी काय, पाव्हणाच हाय त्याच्यावर."

आता रोज सकाळी दाजी कॉम्प्युटर लावतात. पडद्यावर आधी 'विमल' येतं. तेवढं वाचून होईपर्यंत ते कशालाच हात लावत नाहीत.