पापड राखणाऱ्या काकू

चितेगावच्या कारखान्यात रात्रपाळी करून मी दुपारी झोपायचो. डोळे उघडायचे, पण अंग हलायचं नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं. भीतीनं झोपणंच टाळलं, तर मशीनसमोर डुलकी लागली. हात थोडक्यात वाचला.

डॉक्टर म्हणाले, "मेंदू आधी जागा होतो, अंग स्वप्नातच राहतं. झोप पुरी करा." माझी शाळा नववीत सुटली, पण हे कळलं. तरी एकट्यानं झोपायचं कसं?

घरमालकीण काकू म्हणाल्या, "दार उघडं ठेव. मी अंगणात पापड राखत बसते. माझं कावळ्यांवर वरडणं ऐकू आलं की समज, कुणीतरी हाय."

आता अंग अडकलं की बाहेरून काकूंचं कावळ्यांवरचं "हुश्श, मेल्यांनो!" ऐकू येतं. माझं गाव लई लांब आहे, पण त्या आवाजावर तरंगत मी हळूहळू माझ्या बोटांपर्यंत परत येतो.