अंकुशच्या वाट्याची गोळी

मार्कंड्याच्या घाटावर दसरू डोंग्यातून माणसं नदीपार न्यायचा आणि मासे धरायचा. त्याचा पोरगा अंकुश शाळेत असतानाच चालताना अडखळू लागला, पुढं त्याचं चालणंच सुटलं आणि जीभही जड झाली. 'नसांचा आजार आहे, इलाज नाही,' असं एका डॉक्टरनं सांगितलं आणि घरानं ते मान्य करून टाकलं. दसरूची बायको गुणाबाई ही त्याच्या सख्ख्या मामाची पोर. गावात अशी लग्नं नवी नव्हती.

मग धाकटी मयुरी न्हाणीत पडली. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तिचा तोल जायचा. गुणाबाईनं शेवाळाला दोष दिला, फरशी घासून काढली. पोरगी पुन्हा पडली. त्या दिवशी दसरू जेवला नाही. अंकुशचीही सुरुवात अशीच झाली होती.

या वेळी तो पोरीला घेऊन नागपूरला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मयुरीला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. ती कलंडली; दसरूनं सावरली. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर बाई म्हणाल्या, "हिच्या रक्तात ई जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. नसांची झीज तेच रोखतं. जेवणातून ते पोटात जातं, पण हिचं यकृत ते रक्तात सोडत नाही. आईबाप दोघांकडून आलेला दोष आहे हा. मोठ्या ताकदीची गोळी रोज जेवणासोबत द्यायची, जन्मभर. आजार आहे तिथं थांबेल."

"अन् पोरगा?"

"त्यालाही तपासू. पण गेलेलं सगळं परत येत नाही, भाऊ."

अंकुशचं रक्तही तसंच निघालं. गुणाबाई दोघांच्या ताटात गोळी ठेवू लागली. हळूहळू मयुरी भिंत न धरता चालायला लागली, शाळेत जाऊ लागली. एकदा जेवताना अंकुशनं गोळी हातात धरून विचारलं, "बाबा, हे मले तवाच काऊन नाई देल्ली?"

गुणाबाई उठून चुलीकडं गेली.

"तवा मले मालूम नव्हतं," दसरू म्हणाला. "त्या डॉक्टरले बी नव्हतं."

"अन् मयुरी पडली नसती तं?"

दसरूनं घास खाली ठेवला. "तं आताबी मालूम झालं नसतं."

अंकुशनं बहिणीकडं पाहिलं. ती मान खाली घालून जेवत होती. त्यानं गोळी तोंडात टाकली आणि पाण्याचा गिलास मागितला.

तो पुढंही चालला नाही. जीभ मात्र सुटली. गोळी सुरू होण्याआधी त्याचं बोलणं एकट्या गुणाबाईलाच कळायचं. महाशिवरात्रीच्या जत्रेत दसरूनं त्याला पाठीवर घेऊन डोंग्याच्या टोकाला बसवलं. "पल्याडले जानारे, इकडे या," तो हाका मारू लागला. शब्द ओढून येत होते, पण अनोळखी माणसं ऐकून वळत होती. दसरूनं एकेकाला हात देऊन डोंग्यात घेतलं आणि बांबू पाण्यात रोवला.