घड्याळाला सांगितलेलं वय

२०२३ साल, मी बहात्तर वर्षांचा. हृदयाच्या बंद झालेल्या नसेत स्प्रिंग टाकलेली. ठोके वाढले की वाजणारं खेळाडूंचं घड्याळ मुलाने आणलं, पण ते चालू करून दे असं त्याला म्हणायला मला कमीपणा वाटला. म्हणून मी लालबागला पुलाखालच्या घड्याळवालीकडे गेलो.

तिचं नाव मी विचारलं नाही. पन्नाशीची बाई. बटण दाबताना श्वास धरायची आणि घड्याळाकडे न बघता गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायची. मला काही एका जागी उभं राहवत नव्हतं.

“वय बोला, बाबा.”

“साठ.”

तिने बटणावरचा अंगठा उचलला. “साठ टाकलं तर हे तुम्हाला साठीच्या माणसाएवढं पळू देईल. वाजेल तेव्हा उशीर झालेला असेल. मला काय, टाकते मी.”

मागे दोघं उभे होते. मी हळूच म्हणालो, “बहात्तर.”

“मोठ्याने बोला, वर गाड्या जातायत.”

“बहात्तर!” मी ओरडलोच.

ती हसली नाही. तेवढ्यासाठी ती बाई अजून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायगावच्या मैदानात तिसऱ्या फेरीला घड्याळ वाजलं. माझ्याबरोबर पळायला येणारा दोस्त पुढे गेला होता, तो वळून ओरडला, “काय रे, दमलास?”

“हो, दमलो,” म्हणालो आणि कठड्यावर बसलो.